लोह्याचं पेट्रोल, लातूरचा उस्ताद

नांदेड सोडलं तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि माझे गुडघे कानाशी आले होते. गाडी इतकी ठेंगणी की तिच्यात चढत नाहीत, विहिरीत उतरावं तसं उतरतात. चालवत होती माझी नात ऋता. चार वर्षं नोकरी करून तिनं ही परदेशी बनावटीची, दुसऱ्याची वापरलेली पण अंगात वारं भरलेली गाडी घेतली होती. घेतली म्हणजे अजून पुरती नाही. आधीच्या मालकानं तीन दिवस वापरायला दिली होती. आज संध्याकाळपर्यंत नको म्हटलं तर तो परत घेणार, उद्यापासून गाडी आमची आणि तिची दुखणीही आमची. म्हणून ऋता ती लातूरच्या एका उस्तादाला (जाणत्या मिस्त्रीला) दाखवायला निघाली होती. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी आपली जाऊन बसले.

निघण्याआधी पूजा मीच उरकली होती. चाकांखाली लिंबं, पुढं नारळ, आणि पेट्रोलचं झाकण उघडून आत कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक. आमच्याकडं चुलीलाही कुंकू लावतात. जिथून पोट भरतं तिथं हात जोडायचे. चष्मा घरात राहिला होता, पण झाकणाच्या आत एक पांढरी गुळगुळीत जागा बोटाला लागली, जणू त्यासाठीच ठेवलेली.

लोह्याकडं जाताना दोन्ही अंगांना सोयाबीनची काढणी चालली होती. काळ्या रानात पिवळ्या गंजी. पेट्रोलचा काटा तळाला गेला तशी ऋता बेचैन झाली.

"आज्जी, हिला कुठलं पेट्रोल लागतं तेच कळेना. मालक म्हणतो कुठलंही चालतं. मोबाईलवर एक जण म्हणतो एक्क्याण्णव, दुसरा म्हणतो पंच्याण्णव."

"पेट्रोलला मार्क देतात?"

"ऑक्टेन म्हणतात त्याला. गाडीचं पुस्तक मालकानं हरवलंय. गाडीवर कुठंतरी लिहिलेलं असतं म्हणे. दाराच्या कडेला बघितलं, पुढच्या कप्प्यात बघितलं. न्हाईच."

मी तिला लोह्यातल्या माझ्या जुन्या पंपावर न्यायला लावलं. तिथला शंकर मी शिकवलेल्या चौथीच्या वर्गातला, आता स्वतःच आजोबा. ऋतानं खिडकीतून विचारलं, "काका, पंच्याण्णवचं हाय का?"

"न्हाई ताई, साधं एकच हाय. बाईंची मोपेड बी ह्याच्यावरच पळायची."

"पळायची कुठं," मी म्हणाले. "तूच ढकलायचास."

हे खरं आहे. पंचविशीतली मी म्हणजे शहाणपणाचं गाठोडं. मोपेडच्या पेट्रोलात थोडं ऑइल मिसळायचं असे. सासरे पोळ्याच्या आधी बैलांना बांबूच्या नळीनं तेल पाजायचे, बैल तरतरीत दिसायचे. मग मीही मोपेडला दुप्पट ऑइल पाजलं. तिनं शाळेपर्यंत निळा धूर काढला आणि फाटकाशी मान टाकली. सगळा वर्ग लावून मी ती ढकलून घेतली आणि त्या तासाला श्रमदान म्हटलं.

शंकरनं झाकण उघडलं. "बाई, हितं बी कुंकू?"

"भर गुपचूप. टाकी फुल्ल कर, माझ्याकडून." ऋता म्हणत होती, थोडंच भरू, लातूरला बघू. मी म्हटलं, "ओळखीचा पंप आहे. पेट्रोलात कसली आलीय निवड?"

माळाकोळीच्या अलीकडं चढ लागला. ऋतानं पाय दाबला आणि पुढून आवाज आला, पत्र्याच्या डब्यात हरभरे खळखळावेत तसा. गाडी जीव तोडून ओढत होती, पण ओढ नव्हती. पाय उचलला की आवाज बंद. दाबला की पुन्हा हरभरे.

"इंजिन गेलेलं दिसतंय," ती म्हणाली. पुढचे दहा किलोमीटर तिनं पाय हलकाच ठेवला. मग म्हणाली, "परत द्यावी लागणार."

चाकूरला आम्ही सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांची फोडणी दिलेली न्याहारी) मागवली. तिनं दोन घास चिवडले. तिची बशी मी संपवली. दुःखात अन्न वाया घालवू नये.

लातूरचा उस्ताद पांढऱ्या दाढीचा, लिंबाच्या सावलीत गॅरेज. त्यानं ऐकलं, बॉनेट उघडलं, मिटलं, आणि थेट मागं जाऊन पेट्रोलचं झाकण उघडलं. खांद्यावरच्या फडक्यानं कुंकू पुसलं. खाली चिकटवलेली चिठ्ठी होती: किमान पंच्याण्णव.

"ह्याच्यावर कुंकू कुणी लावलं?"

ऋतानं माझ्याकडं पाहिलं. मी लिंबाकडं.

"अम्मा, इंजन एकदम दुरुस्त हाय. ह्यात पेट्रोल लई दाबून पेटवतेत. हलकं पेट्रोल तेवढा दाब सोसत न्हाई, ठिणगीची वाट न बघता आपलं आपणच पेटतंय. त्योच खडखडाट."

"म्हणजे मोठा आकडा, मोठी ताकद?"

"न्हाई. आकडा ताकदीचा न्हाई, सबरचा (धीराचा) हाय. माझ्या जीपला शंभरचं पाजलं तरी ती बैलगाडीच राहनार. जिला जेवढी सबर लागती, तेवढी द्यायची."

साधं पेट्रोल त्यानं काढून जीपमध्ये ओतलं. जवळच्या पंपावर पंच्याण्णवचं मिळालं. मग तो मागं बसला आणि रेणापूर रस्त्याच्या चढावर म्हणाला, "बेटी, आता दाब." ऋतानं दाबलं. हरभरे नव्हते. माझी पाठ गादीत रुतली, तोंडातली सुपारी घशात गेली. ऋता हसत होती आणि डोळे पुसत होती.

परतताना लोह्याला शंकरनं हात केला. मी खिडकीतून नमस्कार केला, थांबले नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

ऊन उतरताना नांदेडला पोचलो. मालक आमच्या फाटकाशीच उभा होता, जरा घाबरलेला. ऋता म्हणाली, "काका, ठेवतेय."

त्याचा चेहरा फुलला. "मी म्हणलो नव्हतो, हिला कुठलंबी पेट्रोल चालतंय?"

ऋतानं तोंड उघडलं. थांबली. श्वास घेतला आणि शांतपणे म्हणाली, "हो काका. या, चहा घ्या."

शिकली पोरगी. मला वाटलं, झालं, दिवस गोड संपला. पण माझंच तोंड सुरू झालं होतं: "चालतं कसलं डोंबलाचं? मेल्या, पुस्तक हरवतोस आणि वर..." पुढं बरंच. ना चढ होता, ना दाब, ना कुणी ठिणगी टाकली होती.

मी लोह्याच्या पंपावरचं पेट्रोल. साधं, एकच.