लुगड्यातली मशीन

सरकारी अनुदानातून घेतलेली यंत्रं तपासत मी भंडाऱ्यात फिरायचो, तेव्हा एक भांडीवाला भेटला. पॉलिशची मशीन त्यानं बायकोच्या लुगड्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवली होती, वर हळदकुंकू. शेजारीच उकिडवा बसून तो पितळेचा गुंड चिंचेनं घासत होता.

“मशीन चालवत का नाही?” मी विचारलं.

त्यानं आधी हात धोतराला पुसले. “तुमी पाहाले येता ना साहेब. वापरली तं जुनी दिसन. मंग सरकारले काय वाटन?”

मी ‘यंत्र उत्तम स्थितीत’ असा शेरा मारला. त्यात खोटं काहीच नव्हतं. त्या शेऱ्यावर त्याला दुसरी मशीन मंजूर झाली. ती तपासायला गेलो तर बायकोच दारात उभी.

“तुमी मशिना देऊन राहिले साहेब, पण माह्याजवळ आता आंगावरचंच लुगडं उरलं हाये.”