कम्प्युटरकाकू

कुणाकडे नवा कम्प्युटर आला असं कळलं, की काकू अभिनंदन वगैरे करायच्या नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "आणि जुन्याचं काय केलंस?" दुसरं लग्न करून आलेल्या माणसाकडे पहिलीची चौकशी करावी, तसा त्यांचा स्वर असायचा. समोरचा चाचरत म्हणायचा, पडलाय गराजमध्ये. मग पुढचा प्रश्न, "चालतोय ना? मग पडलाय कशाला?"

इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या आम्हा मराठी मंडळींत त्यांना सगळे कम्प्युटरकाकू म्हणत. साठी ओलांडलेली, साडीवर कार्डिगन, पायात ट्रेनर्स. लग्न होऊन त्या इकडे आल्या तेव्हा आमच्यापैकी बरेचजण जन्मलेही नव्हते. हॉस्पिटलात डॉक्टरांची पत्रं टाइप करण्याची नोकरी त्यांनी तीस वर्षं केली. डॉक्टर छोट्याशा टेपवर बोलून ठेवायचे आणि काकू कानाला हेडफोन लावून ते कागदावर उतरवायच्या. रिटायर झाल्यावर लायब्ररीतल्या क्लासला जाऊन कम्प्युटर उघडायला, साफ करायला, दुरुस्त करायला शिकल्या. लोकांचे जुने पण चालू कम्प्युटर घ्यायचे आणि ज्यांना नवा परवडत नाही त्यांच्या घरी नेऊन लावायचे, हा त्यांचा उद्योग. त्यांच्या घराची मागची खोली कायम अशा पाहुण्यांनी भरलेली असायची.

माझी त्यांची ओळख आमच्या दारातच झाली. मी नवा लॅपटॉप घेतला होता आणि जुना डेस्कटॉप, त्याच्या त्या अवजड मॉनिटरसकट, कौन्सिलच्या टिपवर, म्हणजे कचरा डेपोवर, फेकायला गाडीच्या डिकीत ठेवत होतो. काकू भाजीची ट्रॉली ओढत चालल्या होत्या. थांबल्या. मी बायकोला, मेधाला, मराठीत हाक मारलेली त्यांनी ऐकली असणार, कारण थेट मराठीतच विचारलं, "चालतोय का हा?"

मी म्हटलं, चालतो, पण फार स्लो आहे.

"मीही स्लो आहे," काकू म्हणाल्या. "मला नेतोस का टिपवर?"

पाच मिनिटांनी माझ्याच गाडीतून माझा कम्प्युटर काकूंच्या मागच्या खोलीत पोचला. काकू पुढच्या सीटवर बसून रस्ता सांगत होत्या, ट्रॉली मागच्या सीटवर होती.

त्यांचा एक नियम मात्र मला तिथे पहिल्यांदा कळला. कम्प्युटर पुसून दुसऱ्याला देण्याआधी मूळ मालकाने त्यांच्या शेजारी बसायचं आणि एकेक फोल्डर उघडून बघायचं. हवं असेल ते सीडीवर घ्यायचं, मगच बाकीचं पुसायचं. मी हसलो. मी आयटीतला माणूस, मला काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते कळत नाही का? मी सांगितलं, काकू, महत्त्वाचं सगळं मी लॅपटॉपवर घेतलंय, तुम्ही खुशाल डिलीट करा.

"तू बसल्याशिवाय मी हात लावायची नाही," त्या म्हणाल्या. "शनिवारी ये."

मी शनिवारी गेलो नाही. पुढच्याही नाही. दर पंधरा दिवसांनी काकूंचा फोन यायचा. रागावलेला नसायचा, पण चुकायचाही नाही. कधी मेधाशी बोलून लोणच्याची चौकशी करायच्या आणि शेवटी निरोप ठेवायच्या, त्याला म्हणावं तुझा कम्प्युटर वाट बघतोय. मला ते हळूहळू जाचायला लागलं. एवढा हट्ट कशासाठी? आमच्या मुलीचा, ईराचा, जन्म जवळ आला होता, ऑफिसात प्रोजेक्ट डोक्यावर होता. शेवटी शेवटी त्यांचा नंबर दिसला की मी फोनच उचलायचो नाही. एकदा तर मी सोफ्यावर बसलेला असताना मेधाने त्यांना सांगितलं, तो घरी नाहीये. फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. मग फोन यायचे थांबले. मला वाटलं, सुटलो. पुसून दिला असेल कुणालातरी.

त्या हट्टामागचं कारण मला मेधाकडून कळलं. ईराच्या वेळी, मी घरी नसताना, काकू बाळंतविडा घेऊन आल्या होत्या, तेव्हा त्यांनी तिला सांगितलं होतं. काका रेल्वेत सिग्नलचे इंजिनियर होते. रिटायर झाल्यावर दुपारभर कम्प्युटरसमोर बसायचे. काकूंना वाटायचं, पत्ते खेळतायत. काका अचानक गेले, आणि दहाव्या दिवसाच्या आतच काकूंनी तो कम्प्युटर चर्चच्या जंबल सेलला, जुन्या वस्तूंच्या विक्रीला, देऊन टाकला. समोर बघवत नव्हता म्हणून. महिन्याने काकांचे अलॉटमेंटवरचे, म्हणजे भाजीपाला लावायला कौन्सिलकडून भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावरचे, शेजारी भेटायला आले. म्हणाले, तुमचे मिस्टर बागेची डायरी लिहायचे, मला वाचून दाखवायचे, तिची एक प्रत मिळेल का? पहिलं धुकं कधी पडलं, घेवडा कधी लावला, असं सगळं होतं त्यात. आणि तुमच्याबद्दलही बरंच होतं. काकू चर्चमध्ये गेल्या, दोन-चार घरं फिरल्या. तो कम्प्युटर त्यांना सापडला नाही.

मेधाने हे सांगितल्यावर मला फोन करावासा वाटला. पण आता कोणत्या तोंडाने करणार, म्हणून तेही राहिलं.

मग आमची पाच वर्षं भरली. आयएलआरसाठी, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवानगीसाठी, अर्ज करायची वेळ आली. सलग पाच वर्षं कायदेशीर नोकरी केल्याचे पुरावे लागतात. मी फाइल लावायला बसलो आणि पहिल्या दीड वर्षापाशी अडकलो. त्या वेळची माझी कंपनी छोटी होती आणि केव्हाच बंद पडली होती. मालक कुठे गेला कुणालाच ठाऊक नव्हतं. पगाराच्या स्लिपा ईमेलने यायच्या, तोही पत्ता कंपनीबरोबर गेला. छापून ठेवलेले कागद घर बदलताना हरवले होते. लॅपटॉपवर मी फोटो आणले होते, गाणी आणली होती. ते ईमेलचं फोल्डर आणलं नव्हतं. ते फक्त जुन्या कम्प्युटरवर होतं, आणि तो मी स्वतःच्या तोंडाने पुसायला सांगितला होता.

वकिलाने सांगितलं, एवढ्या काळाचा पुरावा नसेल तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. व्हिसा संपायला सहा आठवडे होते. मेधा ईराला मांडीवर घेऊन बसून राहिली. चार महिन्यांची मुलगी, भाड्याचं घर, पुण्यात सोडलेली नोकरी, सगळं एकदम माझ्या डोक्यात फिरायला लागलं. दोन दिवस मी काकूंकडे जायची हिंमत गोळा करत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसातून लवकर निघून गेलो.

काकूंनी दार उघडलं. मी बूट काढता काढताच सगळं सांगून टाकलं, फोन मुद्दाम उचलत नव्हतो हेसुद्धा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आधी पाणी पी," म्हणाल्या, आणि मागच्या खोलीकडे गेल्या.

कोपऱ्यात जुन्या चादरीखाली माझा कम्प्युटर होता. तसाच. मी चिकटवलेलं स्टिकर अजून त्यावर होतं.

"तू बसला नव्हतास ना," काकू म्हणाल्या. बस, एवढंच. त्यापुढे त्या विषयावर त्या मला कधी एक शब्द बोलल्या नाहीत. मी चादर काढून वायरी जोडल्या.

सुरू व्हायला कम्प्युटरने नेहमीसारखा वेळ लावला. त्या चार-पाच मिनिटांत मी देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही. ईमेलचं फोल्डर उघडलं. अठरा स्लिपा ओळीने होत्या, नेमणुकीचं पत्र होतं, कंपनी बंद करताना मालकाने पाठवलेलं पत्रही होतं. मी उठून मेधाला फोन केला. ती म्हणाली, फोन काकूंना दे.

मी सीडी खिशात घालून निघायला लागलो तर काकूंनी खुर्चीकडे बोट केलं. अजून बाकीचे फोल्डर होते. दोन तास बसलो. दर फोल्डरला त्या विचारायच्या, हे काय आहे, हे हवंय का. शेवटचा फोल्डर झाल्यावर त्यांनी डिस्क पुसायची सीडी घातली आणि म्हणाल्या, "आता याला जायला हरकत नाही."

क्रॉयडनच्या ऑफिसात जाण्याच्या दिवशी काकूंनी पहाटे साबुदाण्याची खिचडी डब्यात घालून दिली. तिकडे रांगेत काय खायला मिळणार, म्हणाल्या. दुपारी खिडकीपलीकडच्या बाईंनी आमचे पासपोर्ट परत दिले आणि आता इथे राहायला तुम्हाला मुदतीचं बंधन नाही असं सांगितलं. बाहेर ट्रामच्या थांब्यावर बसून आम्ही दोघांनी ती गार खिचडी खाल्ली. इतकी चविष्ट खिचडी मी आजवर खाल्लेली नाही. मेधा एका हाताने खात होती आणि दुसऱ्या हाताने ईराची प्रॅम उगाचच हलवत होती. ईरा केव्हाच झोपली होती.

माझा कम्प्युटर मॉरीनकडे गेला. शाळेजवळ मुलांना रस्ता ओलांडून द्यायचं काम ती करायची. तिचा मुलगा ऑस्ट्रेलियात होता आणि तिला त्याला ईमेल लिहायची होती. शिकवायला काकूंनी मला पाठवलं. पहिल्या मेलला मॉरीनला पाऊण तास लागला. उत्तर आलं तेव्हा ती मला म्हणाली, तुमच्या काकूंना सांगा, माझा मुलगा लग्न करतोय. तेव्हापासून माझे शनिवार काकूंच्या मागच्या खोलीत जायला लागले. स्क्रू उघडताना त्या मला म्हणायच्या, तुम्ही आयटीवाले फार घाई करता, मशीनला घाई कळत नाही.

दोन वर्षांनी काकूंचे गुडघे कुरकुरायला लागले आणि त्यांच्या मुलीने त्यांना साउथहॅम्प्टनला आपल्याकडे न्यायचं ठरवलं. काकूंनी नाही म्हटलं नाही. पण त्या सामान बांधत होत्या तेव्हा मी पहिल्यांदाच त्यांना कशाचीतरी धास्ती घेतलेलं पाहिलं. मागच्या खोलीतले सात कम्प्युटर माझ्या गराजमध्ये आले. मुलीच्या घरी दोन खोल्यांत ही बाई करणार काय, या विचाराने मलाही चैन पडेना.

सव्वा महिन्याने आम्ही ईराला घेऊन त्यांना भेटायला गेलो. काकू घरी नव्हत्या. त्यांची मुलगी म्हणाली, कोपऱ्यावरच्या कम्युनिटी सेंटरमध्ये गेल्यात, दोन आजोबांना फोटो पाठवायला शिकवतायत, बसा, येतीलच. तासाभराने काकू आल्या, काठी टेकत, आणि आम्ही न कळवता आलो म्हणून आधी रागावल्या. मग चहा टाकला. ईराला मांडीवर घेतलं. थोड्या वेळाने, दुसरीकडे बघत, त्यांनी विचारलं, "मी आले इकडे, तर तिकडे कुणाचं अडलं तर नाही?"

मी म्हटलं, नाही काकू. सातपैकी पाच गेले, आणि सगळे मालक येऊन बसून गेले.

"बरं झालं," काकू म्हणाल्या, आणि एवढा वेळ उचलून धरलेले त्यांचे खांदे खाली आले. "मला रोज तेच वाटत होतं."

निघताना नेहमीप्रमाणे बजावलं, सावकाश चालव, पोचल्यावर फोन कर. घरी पोचून मी फोन केला, तर लाइन एंगेज्ड होती. अर्ध्या तासाने केला, तरी एंगेज्ड. मेधाने विचारलं, काय करतायत एवढा वेळ? मी रिसीव्हर ठेवला आणि म्हटलं, कुणाच्यातरी जुन्याची चौकशी चालली असेल, चालू दे.