शंभर पावलं

पावलं मोजायचं ते छोटं यंत्र आज जुन्या पट्ट्याले अडकलेलं सापडलं अन् तो दिवस आठवला. नातीले पोलीस भरतीसाठी धावायचं होतं, रोज किती होते ते कळावं म्हणून स्वस्तातलं यंत्र घ्यायले आम्ही आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात, तात्यापारा मोहल्ल्यातल्या दुकानात गेलो. मी चारच बुकं शिकलो, पण रेल्वेत सारी नोकरी रूळ तपासत पायी चाललो. पावलं मोजणं मले कोणी शिकवू नये. दुकानदाराले म्हटलं, "आधी चालून पाहतो, मग घेतो." महागाचं घड्याळ मनगटावर बांधलं, स्वस्तातलं यंत्र कमरेले लावलं अन् तापल्या गल्लीतून, भज्यांच्या वासातून, देवळापुढून कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. नात मागून येत होती. माझी पावलं झाली अठ्ठ्याण्णव. घड्याळात एकशे नऊ, कमरेच्या यंत्रात शंभर. "दोन्ही खोटी," मी म्हटलं. दुकानदार हसला, "बाबूजी, मशीन से क्या लड़ना?" तशी नात त्याच्यावर तडकली, "आजोबा की गिनती सही है, भैया. आपकी मशीन दो ज़्यादा बता रही है. फिर भी यही दे दो, फ़र्क इसी में कम है." मी मान ताठ करून बाहेर पडलो. घरी जाताना देवळापुढं हात जोडले अन् ध्यानात आलं, मघाशी इथंच हात जोडताना दोन पावलं मोजायची राहिली होती. "तूही मोजून राहिली होती का वं?" "नहीं तो," ती दुसरीकडं पाहत म्हणाली. पण मघाशी यंत्र लावून कोपऱ्यावर वळताना तिचे ओठ हलताना मी पाहिले होते. आता ती वर्दी घालून दुसऱ्या गावी नोकरी करते. चूक माझी होती, हे तिच्यापुढं माझ्यानं अजून म्हणवलं नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.