कम्प्युटरच्या पिच्चरमधलं बोट

भुकूममध्ये भिवाजीआबांचा बंगला पौड रस्त्यावरून दिसतो. तो दिसावा म्हणूनच बांधलेला आहे. दोन मजले, गच्चीवर सिमेंटचा गरुड आणि दारापुढे चार जाडजूड खांब. खांबांवर कसलाही भार नाही. ते नुसते उभे आहेत. आत आबाही बरीच वर्षं तसेच आहेत.

भाताची खाचरं त्यांनी २००४ साली विकली. त्या जागेवर आमची इमारत उभी राहिली. बिल्डरने तिला इटलीतल्या कुठल्याशा गावाचं नाव दिलं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, म्हणजे आबांच्या भाषेत आंबेमोहोराच्या डोक्यावर. हे ते तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत. पाहुण्याला पत्ता सांगावा तसं सांगतात.

बंगला बांधताना त्यांचा बेत सरळ होता. खाली आपण आणि गंगूबाई. वर मुलगा रोहित, सून हेमलता आणि नात आरोही. वास्तुशांत झाली, पुढच्या वर्षी गंगूबाई गेल्या. तोवर रोहितने कोथरूडला फ्लॅट घेतला होता. त्याचं तिथे विटा-वाळूचं दुकान होतं. कोथरूड काही लांब नाही. खरी अडचण तीच होती. मुलगा अमेरिकेत असला की बापाला निदान सांगता येतं. कोथरूडला असला की लोक विचारतात, मग येत का नाही?

कारणं होती. शाळेची बस भुगावच्या पुढे येत नव्हती. शिवाय आरोहीला शाळेतून प्रोजेक्ट असायचे.

"आबा, तिला कम्प्युटर लागतो, तिची वेगळी खोली लागते," रोहित म्हणायचा. "इथं काय आहे?"

"मी हाय की हितं," असं आबांच्या तोंडावर यायचं. पण यादी सामानाची चालली होती, म्हणून ते गप्प बसायचे.

वरचा मजला ते दर सोमवारी झाडायचे. कुणी राहत नसलं तरी धूळ येते. न चुकता येणारी तेवढीच.

२००८च्या दिवाळीनंतर एक जीप दारात थांबली. तिच्यातून शैलेश नावाचा दिग्दर्शक उतरला. त्याला मराठी सिनेमासाठी सुखवस्तू कुटुंबाचं घर हवं होतं. तो खालच्या खोल्या हिंडला, वर गेला, आणि वरून ओरडला, "परफेक्ट! इथं कुणी राहतच नाही!"

आबांनी गोष्ट विचारली. एका घरातल्या आजोबांना कम्प्युटरवर बँकेचं खोटं पत्र येतं, ते कुठलंसं बटण दाबतात, आणि घरातल्यांची आयुष्याची कमाई नाहीशी होते. मग मुलगा सुनेवर संशय घेतो, सून सासऱ्यावर, आणि घर फुटतं.

"चोर कुटं ऱ्हातो?" आबांनी विचारलं.

"चोर शेवटपर्यंत दिसत नाही, आबा. तो लांबूनच सगळं करतो," शैलेशची सहायक अपूर्वा म्हणाली. ती पुण्याची होती, हातात सतत एक पाटी आणि कानाला सतत फोन.

"घरात येतच न्हाई?"

"नाही ना."

"मंग दाराला कुलूप कशापायी लावायचं?"

अपूर्वाने ते वाक्य लिहून घेतलं. पुढे ते सिनेमात आलं, पण इन्स्पेक्टरच्या तोंडी.

भाड्याची बोलणी शैलेश जरा चाचरत करणार होता. आबांनी त्याला मधेच थांबवलं. भाडं नको, एक अट आहे. सिनेमातल्या नातीची खोली वरच्या मजल्यावर सजवणार ना? मग जाताना ती तशीच सोडून जायची. रंग, पलंग, टेबल, कम्प्युटर, समदं.

"डन," शैलेश लगेच म्हणाला. इतक्या लगेच कबूल झालेल्या गोष्टीत काहीतरी कमी असतं, हे खाचर विकलेल्या माणसाच्या ध्यानात यायला हवं होतं. पण आबा तेव्हा वरच्या खिडकीला कुठला पडदा लागेल याचा विचार करत होते.

जानेवारीत युनिट आलं. सिनेमाचं नाव काही केल्या ठरेना, म्हणून गावाने त्याला 'कम्प्युटरचा पिच्चर' म्हणायला सुरुवात केली. वरची खोली गुलाबी झाली. पलंग आला, चांदण्या चिकटवलेलं कपाट आलं, टेबलावर कम्प्युटर आला. त्याच्या काचेवर त्यांनी हिरवा कागद चिकटवला. त्यावरची अक्षरं म्हणे नंतर मुंबईत घालतात. सिनेमात बऱ्याच गोष्टी नंतर घालतात, हे आबांनी मान्य केलं. बंगल्याचंही तसंच ठरलं होतं.

आजोबांचं काम शरदचंद्र राजाध्यक्ष करत होते. नाटकांतले जुने नट, गुडघे दुखरे. लाइट लावून होईपर्यंत त्यांना तिष्ठत बसवणं बरं दिसेना. त्यांच्या उंचीचा, त्यांच्याच वयाचा दुसरा माणूस त्या खुर्चीत बसवायला हवा होता. सिनेमाच्या लोकांत त्याला डमी म्हणतात. माणूस शोधावा लागला नाही. तो दारात उभाच होता.

अशा रीतीने भिवाजीआबांना स्वतःच्या घरात बसायचं काम मिळालं.

"चाचा, थोडा लेफ्ट," लाइटवाला शिडीवरून सांगायचा. "बस. टोपी निकालो, चमकती है."

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. सख्ख्या व्याह्यासमोर ती कधी काढली नव्हती. लाइट जमला की अपूर्वा म्हणायची, "थँक यू आबा, उठा." शरदचंद्र येऊन त्यांच्या उबेत बसायचे.

"खुर्ची चांगली तापवता हो तुम्ही," शरदचंद्र एकदा म्हणाले.

"तीन वर्सं दुसरं काय केलंय?" आबा म्हणाले.

जेवणाच्या प्रसंगाला टेबलाभोवती मुलगा, सून आणि नात असे तिघेही नट आधीच बसून तालीम करत होते. नातीचं काम जान्हवी नावाची मुलगी करत होती, आरोहीच्याच वयाची. आबा आजोबांच्या खुर्चीत. जान्हवीने पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "अप्पा, तुम्ही काहीच खाल्लं नाहीत."

"खातो की बाळा," आबा म्हणाले आणि त्यांनी पोळीचा तुकडा मोडला.

सगळे हसले. पोळी कालची होती, शॉटसाठी ठेवलेली. अपूर्वा म्हणाली, "आबा, ते खायचं नाही हं. आणि उत्तरही द्यायचं नाही."

"मंग ईचारती कशाला?" आबा पुटपुटले. पण त्यानंतर ते रोज अर्धा तास आधी अंघोळ करून तयार असायचे. गंगूबाईंच्या मागे त्या घरात इतक्या माणसांनी चपला काढल्या नव्हत्या. वर पावलं वाजायची. कुणीतरी जिना उतरताना शीळ घालायचं. संध्याकाळी पॅकअप झाला की जनरेटर बंद पडायचा आणि पाठोपाठ रस्त्यावरचे ट्रक ऐकू यायला लागायचे.

रोहितला त्यांनी बोलावलं होतं. तो एका दुपारी हेमलता आणि आरोहीला घेऊन आला. हेमलताने सिनेमातल्या सुनेबरोबर फोटो काढला. आरोहीला वरची खोली पाहायची होती, पण वर शूटिंग चालू होतं.

"ही खोली मागं ऱ्हानार हाय. तुला," आबांनी तिला जिन्यात सांगितलं. "कम्प्युटरसकट."

"खरंच?" आरोही म्हणाली.

"सुट्टीत ऱ्हायला ये."

तिने बापाकडे पाहिलं. रोहित म्हणाला, "बघू." हा शब्द मराठीत नकार देण्यासाठी वापरतात, पण तो ऐकणाऱ्याला त्यात होकार ऐकायची मुभा असते. आबांनी ती घेतली.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी एकच शॉट उरला. आजोबा बटण दाबतात तो, नुसत्या हाताचा. शरदचंद्रांचा चिंचवडला नाटकाचा प्रयोग होता. ते निघून गेले होते.

"म्हातारा हात पाहिजे," शैलेश म्हणाला आणि सगळ्यांनी आबांकडे पाहिलं.

आबांच्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट अर्धंच आहे. वरचं पेर कधीकाळी कडबा कापायच्या यंत्रात गेलं. शैलेशने बोट पाहिलं, घड्याळ पाहिलं, आणि म्हणाला, "एवढं कोण बघतंय?" शरदचंद्रांचा झब्बा आबांना घातला. अर्धं बोट माउसवर ठेवलं. "ॲक्शन म्हटलं की एक, दोन मोजायचं आणि दाबायचं. शॉट ओके झाला की पॅकअप. मग सुटलो सगळे."

"ॲक्शन!"

आबांनी लगेच दाबलं.

"कट. घाई नको, आबा. वन मोर."

दुसऱ्या वेळी त्यांनी दाबलंच नाही. तिसऱ्या वेळी हात थरथरला. मग माउस टेबलावरून खाली पडला. मग ते ऐन वेळी खोकले. ज्या माणसाने कित्येक दिवस लाइटवाल्याच्या शब्दाबरहुकूम इंचाइंचाने मान हलवली होती, त्याला एक बटण दाबता येईना. खाली टेम्पोत खुर्च्या चढायला लागल्या होत्या. दर वन मोरला त्या थांबायच्या.

अपूर्वा शेजारी येऊन बसली. हळूच म्हणाली, "आबा, तुम्ही मुद्दाम करताय."

आबा हिरव्या कागदाकडे पाहत होते. "ओके झालं की तुमी जानार," ते म्हणाले.

"जावं लागणारच ना."

"व्हय. ते ठावं हाय."

तिने हातातली पाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "चहा घेऊ या का सगळे? मग करू." शैलेश काहीतरी बोलणार होता, तिने त्याच्याकडे बघितलं. चहा आबांनी स्वतः केला. लाइटवाल्यांपासून सगळ्यांनी जिन्यावर, ओट्यावर, जागा मिळेल तिथे बसून घेतला. त्यानंतर शॉट झाला आणि अंधार पडायच्या आत अंगणात फक्त टेम्पोच्या चाकांचे व्रण राहिले.

शैलेशने शब्द पाळला. खोली तशीच होती.

आबांनी कम्प्युटरवर गंगूबाईंच्या लुगड्याचा धुवट तुकडा पांघरला. तो चालू करून पाहायचं त्यांच्या मनात आलं नाही. चालू आरोहीने करायचा होता. मेची सुट्टी आली; आरोहीला पोहण्याचा क्लास लागला. गणपती आले, गौरीच्या जेवणाला तिघे आले आणि मुखशुद्धी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी चाचणी परीक्षा होती. खंडेनवमीला आबांनी कोयता, विळा, पहार मांडली, आणि वर जाऊन कम्प्युटरलाही हळदकुंकू लावून झेंडूची माळ घातली. घरात अवजारं एवढीच होती. वापरात त्यातलं एकही नव्हतं.

सिनेमा २०१०च्या उन्हाळ्यात लागला. कोथरूडच्या थिएटरात रोहित सगळ्यांना घेऊन गेला. आबांना न्यायला तो भुकूमपर्यंत आला, हेही सांगायला हवं. आबा पडद्यावर आपलं घर बघत बसले. त्यांच्या ओट्यावर शरदचंद्र बसले होते, त्यांच्या जिन्यावरून जान्हवी धावत होती, त्यांच्या स्वयंपाकघरात सून रडत होती. घर छान नांदत होतं. मग फुटलं, पण त्यासाठी आधी ते भरलेलं असावं लागतं.

मध्यंतराच्या अलीकडे आजोबा कम्प्युटरसमोर बसले. पडदाभर एक हात आला. सबंध सिनेमात पाचही बोटं शाबूत असलेल्या त्या म्हाताऱ्याचं एक बोट ऐन घातक्षणी अर्धं झालं. परीक्षणं लिहिणाऱ्या कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. रोहित बाहेर जाऊन फोनवर वाळूचा ट्रक शोधत होता.

"आई! आबांचं बोट!" आरोही अंधारात ओरडली.

दोन रांगांतल्या लोकांनी वळून पाहिलं. आबांनी बोट मुठीत लपवलं.

परत सोडायला आले तेव्हा आरोही म्हणाली, "मला ती खोली बघायचीय. जिथं आबांनी दाबलं." गाडीतून उतरायची रोहितची तयारी नव्हती. "पाच मिनिटं," तो म्हणाला. "क्लास आहे तुझा."

आबांनी लुगड्याचा तुकडा काढला. सुकलेली माळ बाजूला केली. आरोहीने बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मागे वाकून वायर शोधली. वायर कुठेच जात नव्हती. तिने कम्प्युटरच्या डब्याचं झाकण ओढलं तर ते सहज हातात आलं. आत थर्माकोल होतं आणि डबा हलू नये म्हणून ठेवलेली एक वीट. वीट मात्र खरी होती.

"आबा, हा रिकामा आहे."

आबा वाकले. बराच वेळ त्यांनी आत पाहिलं.

"पिच्चरमधला हाय त्यो," ते म्हणाले. "तेवढ्यापुरताच आसनार."

आरोहीने झाकण परत बसवलं. ती त्या वयाची होती, ज्या वयात मोठ्या माणसाची फजिती दिसते पण ती कुठे ठेवायची ते कळत नाही. मग तिला सुचलं.

"कसं केलं होतं दाखवा ना. मी डायरेक्टर. बसा तुम्ही."

आबा बसले. सवयीने टोपी काढून मांडीवर ठेवली. अर्धं बोट माउसवर ठेवलं.

"चुकलात तर परत करायचं हं," आरोहीने बजावलं. "ओके होईपर्यंत मी जाणार नाही."

"आसं व्हय," आबा म्हणाले.

"ॲक्शन!"

तेवढ्यात खालून हॉर्न वाजला. एकदा, मग जरा लांबवून दुसऱ्यांदा. आरोहीने खिडकीकडे पाहिलं आणि पुन्हा आबांकडे. तिचा एक पाय दाराकडे वळलेला होता.

आबांनी मनात एक, दोन मोजलं आणि दाबलं. घाई नाही, थरथर नाही, खोकला नाही. शैलेशला ज्यासाठी सबंध संध्याकाळ घालवावी लागली, ते पहिल्याच वेळी बिनचूक.

"ओके!" आरोही म्हणाली आणि जिना उतरून धावत गेली.