मागच्या सीटचं वारं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडून उभी असते तेव्हाही मनातल्या मनात नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही नीट ठाऊक नाही. पण गेले काही दिवस एका जागी बसवत नाही. माळा आवरून झाला, मसाल्याचे डबे धुऊन पुसून झाले, कपाटातले जुने कागद लावून झाले — तरी हात काहीतरी शोधत राहतात. मग म्हटलं, लिहावं.

गोष्ट गाडीची आहे. म्हणजे, गाडीपासून सुरू होते.

आमच्या घरात मोठी वस्तू घ्यायची म्हटली की ते काम माझ्याकडे येतं. फ्रिज असो, पाण्याची मोटर असो, मुलीचं कॉलेज असो. माझा नवरा विलास म्हणतो, "संध्या दुकानात शिरली की मालकालाच घाम फुटतोय." मला याद्या करायला आवडतात. प्रश्न ठरवायचे, एकेक तपासायचा, मग निर्णय. हळहळत बसणं मला जमत नाही. जमत नव्हतं.

मुलं शाळेत होती तेव्हा आमची लहान गाडी कमी पडायला लागली. नवी घ्यावी की वापरलेली? बजेटात दोन गोष्टी बसत होत्या — नवी पाच सीटर, नाहीतर वापरलेली सात सीटर. विलासच्या ऑफिसातले एक साहेब निवृत्त होऊन मुलाकडे निघाले होते, त्यांची सात सीटर विकायची होती. मी सगळं शिकून घेतलं. किलोमीटरचा आकडा फिरवता येतो, म्हणून आधी ब्रेकच्या पेडलचं रबर किती झिजलंय ते बघायचं. गाडी ठोकून पुन्हा रंगवलीय का, हे कळायला दाराचं रबर जरा ओढून आतला रंग बघायचा. आणि आमच्या कोल्हापुरात तर पहिला प्रश्न हा — गाडी पुराच्या पाण्यात उभी होती का? त्यासाठी सीटचा पट्टा पार शेवटपर्यंत बाहेर ओढायचा. वरचा भाग कुणीही धुतं, आत गुंडाळलेल्या टोकाला गाळाची रेघ राहते. साहेबांच्या गाडीचा पट्टा टोकापर्यंत स्वच्छ होता.

मागची, तिसरी रांगही मी तपासली. तिथं मोठ्या माणसाचे गुडघे वर येतात. ती रांग उघडी ठेवली तर सामानाला जागा उरते एका बॅगेपुरती. आणि मागच्या काचा उघडत नाहीत — त्या नुसत्या उजेडासाठी. मागच्यांसाठी एसीचा वेगळा पंखा असतो, त्याचं बटण मधल्या रांगेच्या डोक्यावर, छताला. साहेबांनी ते मला आवर्जून दाखवलं. "हे चालू ठेवायचं बरं का, वहिनी. नाहीतर मागं वारं पोचत नाही."

गाडी चांगली होती. मला हवी होती. त्या गाडीत एकच गोष्ट मला नको होती — तिच्यात जागा होती.

विचित्र वाटतं ना? सांगते. आम्ही घरात पाच. विलास, मी, सासूबाई, ऋतुजा, ओंकार. आणि सहावी अक्का. अक्का म्हणजे विलासची थोरली बहीण. नेसरीला दिलेली. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, दिरांनी ठेवून घेतलं नाही. विलास जाऊन तिला घेऊन आला. मी नोकरी करत होते. माझी दोन्ही मुलं अक्काच्या हातचं खाऊन मोठी झाली. शाळेतून आली की आधी "अक्काऽऽ" अशी हाक, मग चपला. मी संध्याकाळी घरी यायचे तोवर त्यांच्या दिवसभराच्या गोष्टी सांगून संपलेल्या असायच्या.

अक्काचा आवाज मोठा. हसणं त्याहून मोठं. एकदा जुन्या गाडीत ओंकारला मांडीवर घेऊन ती कशीबशी आमच्याबरोबर जोतिबाला आली होती. मी वेळा आखल्या होत्या — दर्शन, जेवण, परत. अक्कानं वाटेत गाडी थांबवली. शेतात भुईमूग काढत होते. काचेतून डोकं बाहेर काढून हिनं हाक दिली, "ओ पावणं, शेंगा इकताय का नुस्त्या वाळवताय?" तो माणूस म्हणाला, "तुमी खाली उतरा, आक्का, मग बघू." आणि ही उतरलीच. मुलंही उतरली. बांधावर बसून सगळ्यांनी ओल्या शेंगा खाल्ल्या, विलासनंसुद्धा. मी गाडीत बसून घड्याळ बघत होते. त्या रात्री ऋतुजा झोपताना म्हणाली, "आई, अक्का नसली की ट्रीप शाळेसारखी होते."

पोरीला काय माहीत. ती सहज बोलली. मी दिवा घालवला.

त्यानंतर अक्का कुठंच आली नाही, कारण जागा नव्हती. मी तसं कधी म्हणतही नव्हते. नुसते पाच डबे भरायचे. पाच सीट, पाच माणसं — हिशेब स्वतःच बोलायचा. आणि आता विलास म्हणत होता, सात सीटरच घेऊ, म्हणजे अक्कालाही नेता येईल.

मी अजून मुद्द्यावर येत नाहीये. कळतंय मला.

साहेब म्हणाले, खुशाल पन्हाळ्यापर्यंत फिरवून आणा, घाटात बघा कशी चढते. रविवार होता. सगळेच निघालो. अक्कानं ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती, पिशवीत चिवडा घेतला होता. विलास चालवायला, सासूबाई पुढं, मी आणि मुलं मध्ये. "अक्का, तुम्ही मागं बसा," मी म्हणाले, "मोठं माणूस बसतं का ते बघायला हवं." खरंच बघायला हवं होतं. तेवढं खरं होतं.

"बसती की," अक्का म्हणाली. "म्हशीच्या टेम्पोतनं आलेली बाई हाय मी. ह्यो तर म्हाल हाय." पदर खोचून ती मागं चढली, आणि मुलं तिच्याकडे तोंड करून सीटवर गुडघ्यांवर बसली. शहराबाहेर पडेपर्यंत गाडीत नुसता गोंधळ. अक्का कसली तरी नक्कल करत होती, विलासचे खांदे हसून हलत होते. मी एकटी समोर बघत होते.

आणि मी हात वर केला — आणि ते बटण बंद केलं.

बस. एवढंच. एक बोट. गरम होतंय की गार, हेसुद्धा मला त्या क्षणी कळत नव्हतं, पण काय करतेय ते पक्कं कळत होतं. काचा उघडत नाहीत हे मी तपासलं होतं. वारं पोचत नाही हे मला सांगितलेलं होतं. चुकून लागला का हात? नाही. मुलांना थंडी वाजत होती का? नाही. मी मुलांना सरळ बसायला लावलं, पट्टे लावले.

थोड्या वेळानं मागून आवाज आला, "हितं वारं येत न्हाय गं, संध्या."

"येईल, अक्का," मी म्हणाले. "गार व्हायला वेळ लागतो."

वाघबिळापासून घाटाची वळणं सुरू झाली. मागून काही आवाज नाही. अक्का, जी झोपेतसुद्धा बोलते, ती गप्प. आणि सांगू का? मला ती शांतता आवडली. विलास गाडीबद्दल माझ्याशी बोलत होता — पिकअप कसा आहे, क्लच किती हलका आहे. मुलं बाहेर बघत होती. वाटलं, असं असायला हवं.

मग सासूबाई म्हणाल्या, कसला वास येतोय?

अक्काला उलटी झाली होती. तिनं ती स्वतःच्या पदरात धरली होती. ओंजळीसारखा पदर, वर दोन्ही हात. गाडी थांबवून दार उघडलं तेव्हा तिचं तोंड पांढरं पडलं होतं, आणि ती पहिलं काय म्हणाली असेल? "लोकाची गाडी हाय. सीटवर कायबी सांडलं न्हाय बघ."

मी तिला पाणी दिलं. पाठ चोळली. सगळे बघत असताना पाठ चोळली. आणि मीच म्हणाले, "अक्काला गाडी लागते वाटतं."

आपल्याकडे एकदा हे ठरलं की ठरलं. कुणाला वांगं चालत नाही, कुणाला गाडी लागते. ते परत कुणी तपासत नाही. नेसरीहून एसटीनं शेंगा खात येणारी, टेम्पोत उभ्यानं लग्नाला गेलेली बाई — तिला गाडी कशी लागेल, हे कुणालाच आठवलं नाही. घरात सगळं तपासणारी मी. मी कशाला तपासेन?

घरी येताना तिला पुढं बसवलं, सासूबाई मध्ये आल्या, ओंकार माझ्या मांडीवर. ती घाट उतरून ठणठणीत आली. त्यावरही माझं उत्तर तयार होतं — पोट रिकामं झालं ना, म्हणून.

गाडी घेतली. विलास जरा थबकला, अक्का येणार नसेल तर सात सीटर कशाला? मी सामानाचं सांगितलं, गावाकडून आणायच्या तांदळाच्या पोत्यांचं सांगितलं, ते त्याला पटलं. मागची रांग आडवी केली, ती तशीच राहिली. आम्ही पुष्कळ फिरलो. माझ्या वेळा सगळ्या जमल्या. आणि मजा? — मुलं मोबाइल बघायची.

सगळ्यात वाईट काय झालं, तर अक्कालाच ते पटलं. कुणी विचारायच्या आधी तीच म्हणायची, "मी न्हाय येत. मला लागतीया. उगं तुमचा खोळंबा." आपल्याच अंगात काही खोट आहे, असं हळू आवाजात. अक्का आणि हळू आवाज! ऋतुजाला पुण्यात पदवी मिळायची होती तेव्हा मात्र तिनं एकदा जोर केला. आदल्या दिवसापासून काही खाल्लं नाही, कुणाकडून तरी गोळी आणून घेतली, मुठीत लिंबू. पहाटे आवरून, पिशवी घेऊन फाटकाजवळच्या पायरीवर बसली होती. ऋतुजाला पहिलं वरण-भात भरवणारी बाई.

तेव्हा मला चांगली संधी होती. "चला, पुढं बसा," एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "अक्का, कशाला उगाच त्रास करून घेता? वाटेत काही झालं तर तिचा कार्यक्रम राहील."

ती उठली. "व्हय, त्येबी खरं," म्हणाली. पिशवीतला लाडवांचा डबा काढून माझ्या हातात दिला. फाटक तिनंच लावलं. बहुतेक लिंबू अजून मुठीतच होतं.

आता मुलं बाहेरगावी आहेत, सासूबाई गेल्या, एवढ्या मोठ्या गाडीची गरज नाही. विकायला काढली. कोडोलीचं एक कुटुंब बघायला आलं — दुधाचा धंदा करणारा माणूस, त्याची बायको, तीन मुलं. माणूस बोलका. बॉनेट उघडून, टायर दाबून झाले, मग त्यानं मागची रांग उभी केली आणि ओरडलाच, "आयला! पावणं, मागली सीट तर कोरी हाय की! गाडी चालवलीसा का नुस्ती धुतलीसा?"

विलास हसला. "आमच्या अक्काला गाडी लागते. मग मागं बसणार कोण?"

अक्का चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी होती. तीही हसली. "व्हय बाबा, माझ्यामुळं कोरी ऱ्हायली. घ्या, नवीच गावली तुमास्नी."

त्या माणसाची बायको मुलाला घेऊन मागं चढली. विलासनं गाडी चालू करून एसी लावला. मी मधल्या दाराशी उभी होते. जरा वेळानं आतून ती बाई म्हणाली, "अवो, हितं वारं येत न्हाय."

माझा हात आपोआप वर गेला. बटण चालू केलं.

"आलं, आलं! ग्वाड वारं येतंय की!"

मी हात खाली घेतला. वळले. अक्का रिकामा ट्रे धरून गाडीच्या छताकडे बघत होती, जिथं माझं बोट होतं तिथं.

"त्याला बटन हाय व्हय?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"पैल्यापास्नं?"

"हो. पहिल्यापासून."

तिनं मान हलवली. रिकामे कप गोळा केले आणि आत गेली. गाडी त्याच दिवशी गेली. अक्का रोजच्यासारखी भाकरी थापते, मला वाढते. त्या रविवारी ते कुणी बंद केलं होतं, हे तिनं विचारलेलं नाही.

मी केलं होतं.