घरी जाण्याआधीचं पान

सोलापूरच्या एसटी स्टँडवर मला एक गृहस्थ जवळजवळ रोज दिसतात. चौकशीच्या खिडकीत त्यांची ड्यूटी असते. गाडीला उशीर झाला की शिव्या त्यांनाच खाव्या लागतात. त्यावर ते एवढंच म्हणतात, "येईल की."

पूर्वी हा गिळलेला राग घरी बायकोवर निघायचा. ती कंटाळून माढ्याला माहेरी गेली होती. ती परत आल्यापासून ते ड्यूटी संपली की बाकावर बसून वहीचं एक पान लिहितात. कोण काय बोललं आणि आपल्या तोंडावर काय आलं होतं, ते सगळं. लिहिताना ओठ हलतात, मध्येच मान झटकतात.

काल ते लिहायला बसले आणि त्यांच्या गावची गाडी लागली. कंडक्टर ओरडला, "ओ साहेब, पुराण घरी लिवा की! ही गेली तर तासभर गाडी न्हाय."

त्यांनी हातानेच गाडी जाऊ द्यायची खूण केली. गाडी गेली.

"घरी लिहिता आलं असतं," मी म्हणालो.

"दार उघडलं की ती बोलणार, मला उत्तर द्यावं लागणार," ते म्हणाले. "अजून अर्धं पान पोटात हाय."