आधी दाबून धर

मी मेडिकल कोअरमधून हवालदार म्हणून निवृत्त झालो. घर आशागडला. आमच्याकडे फौजेतून परत आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात, मीही आता कोणाला दुरुस्त करत बसत नाही. कारखान्यांतल्या कामगारांना प्रथमोपचार शिकवतो. तलासरीजवळच्या एका रबराच्या कारखान्यातून बोलावणं आलं तेव्हा मी लगेच हो म्हणालो. शिकवण्यापेक्षा मला तिथल्या सुपरवायझरला, राऊतला, गाठायचं होतं.

देवजी धोडी, हुद्द्याने नाईक, मी ज्या बटालियनसोबत होतो तिच्यातला, तलासरीच्या डोंगराकडच्या पाड्यावरचा. वर सीमेवरच्या पोस्टवर माझ्या मांडीत तोफगोळ्याचा स्प्लिंटर घुसला. नर्सिंग असिस्टंट मीच, मग मला बघणार कोण? देवजीने दोन्ही हातांनी जखम दाबली. वायरलेस सेटवर विचारणा झाली, "कॅज्युअल्टी कशी आहे?"

"जिवंत आहे. मी सोडत नाही," देवजी म्हणाला.

हेलिकॉप्टर येईपर्यंत त्याने हात काढला नाही.

पेन्शनवर आल्यावर देवजी याच कारखान्यात गेटवर लागला. एकदा टेम्पोतून काच उतरवताना त्याची मांडी कापली. पाड्यावर गाडी पोचत नाही, म्हणून आमच्याकडे आजारी माणसाला बाइकवर दोघांच्या मध्ये बसवून दवाखान्यात नेतात. तापाच्या माणसाला ते चालतं. राऊतने देवजीलाही तसंच बसवलं. जखम कोणी दाबली नाही. प्रथमोपचाराची पेटी कुलपात आणि किल्ली राऊतच्या खिशात. देवजी रस्त्यातच गेला.

दिवसकार्याला राऊत आला होता. मला म्हणाला, "मेजर, आम्ही अजिबात वेळ दवडला नाही हो. लगेच बाइक काढली."

मला त्याची गचांडी धरावीशी वाटली. शेजारी देवजीची बायको मंगली बसली होती, म्हणून हात आवरला.

ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी मी रबरी पुतळा जमिनीवर आडवा केला आणि बॅचला सांगितलं, "याचं नाव देवजी. मांडीला लागलंय." राऊतने मान खाली घातली. सगळ्यांनी एकेकदा जखम दाबून दाखवली. राऊतकडून मी पुन्हा पुन्हा करून घेतलं.

"मेजर, गुडघे गेले माझे."

"पुन्हा."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं.

जेवणानंतर रबर कापायच्या कटरच्या शेडमधून किंकाळी आली. आम्ही धावलो. कटरवरच्या सुमनचा हात कोपराखाली उभा चिरला होता आणि रक्त थांबत नव्हतं. सकाळभर घोटून घेतलेलं राऊत क्षणात विसरला.

"बाइक काढा रे!"

माझं डोकं फिरलं. "बाइकला हात लावलास तर तुला इथंच आडवा करीन. खाली बस. दाब."

तो बसला. पेटीला अजूनही कुलूप होतं. राऊत रक्ताळलेल्या हाताने खिसा चाचपू लागला, तेव्हा मी ओरडलो, "हात काढू नकोस." एका कामगाराने हातोडीने कुलूप तोडलं, दुसऱ्याने ॲम्ब्युलन्सला फोन लावला. मी पॅड दिलं, सुमनला आडवं केलं, हात वर धरायला लावला.

"मेजर, मी जगेन ना?" सुमनने विचारलं.

"जगशील. हा सोडणार नाही तुला."

थोड्या वेळाने राऊतचे दंड थरथरायला लागले. "मेजर, हात भरून आले. दुसऱ्याला द्या."

दुसरा मागे तयार उभा होता. नियम सांगतो, माणूस दमला की बदला. मी बदलला नाही. सुमन माझ्याकडे बघत होती. मग मी राऊतच्या हातांवर माझे हात ठेवले आणि जोर दिला. सुमनसाठी दिला, आणि त्याला हात काढता येऊ नये म्हणूनही दिला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत आम्ही तसेच होतो.

सुमन वाचली. हाताला टाके पडले, पण ती कामावर परत आली.

त्या दिवशी नळावर हात धुताना राऊत म्हणाला, "मेजर, आता तरी माफ करा."

"नाही. पुढच्या बॅचला यायचं."

तो येतो. दर बॅचला येतो. मी सगळ्यांसमोर त्यालाच आधी उभा करतो.

"कॅज्युअल्टीचं नाव?"

"नाईक देवजी धोडी."

"आधी काय?"

"दाबून धरायचं."

"कुठवर?"

"ॲम्ब्युलन्स येईपर्यंत."

मग राऊत गुडघे टेकतो आणि रबरी मांडी दोन्ही हातांनी दाबतो. मी 'सोड' म्हणेपर्यंत दाबत राहतो. मला 'सोड' म्हणायची घाई नसते.